मागच्या व्हरांड्यातला ओव्हन

आमच्या घरात 'ओव्हन' हा शब्द बाबांच्या ड्यूटीबरोबर आला. बाबा भिलाई पोलाद कारखान्यात कोक ओव्हन विभागात होते. गावाकडून कुणी पाहुणा आला आणि "बापू कुठे आहे?" असं त्यानं विचारलं, की आजी शांतपणे सांगायची, "ओव्हनमध्ये आहे. दुपारी येईल." पाहुणा जरा दचकायचा. कोक ओव्हन म्हणजे उंच, अरुंद कप्प्यांची लांबच लांब रांग. वरून दगडी कोळशाचा चुरा भरायचा, दारं घट्ट लावायची आणि हवा लागू न देता हजार अंशांहून जास्त तापमानात तो सोळा-अठरा तास भाजायचा. मग एका बाजूचं ढकलयंत्र धगधगत्या कोकची भिंत दुसऱ्या बाजूनं बाहेर लोटतं, तिच्यावर पाणी पडतं आणि वाफेचा पांढरा ढग उठतो. भाजण्याचं शास्त्र मी पहिल्यांदा ऐकलं ते असं. उष्णता भिंतींकडून आत शिरते, मधला भाग सगळ्यात शेवटी होतो, घाई केली तर आत कच्चं राहतं. बाबा हे कोळशाबद्दल सांगायचे. आईनं ते बिस्किटांना लावलं.

ज्या बिस्किटांबद्दल मला लिहायचं आहे ती खारी, चीज आणि बेकन घातलेली. मैदा, लोणी, किसलेलं चीज, मिरपूड आणि तळून कुरकुरीत केलेले बेकनचे कण, बस्स. आमच्या ओव्हनमध्ये ती पहिल्यांदा १९७२ च्या डिसेंबरात भाजली गेली, आणि स्वयंपाकघरात नाही तर मागच्या व्हरांड्यात. ओव्हन तिथे का गेला, हे सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

२ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातलं एक खेडं होतं, आणि दुर्ग ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशातच राहिलं आणि राजधानी भोपाळला गेली. बाबा १९५८ मध्ये नोकरीवर रुजू झाले. रेल्वे तीच, अंतर तेच, साधारण अडीचशे किलोमीटर. पण मधून एक सीमा गेलेली. त्याआधी दोनशे वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले होते, तेव्हा छत्तीसगडला मराठी माणूस नवा नव्हता. आजी मात्र आर्वीची, तिच्या लेखी गोंदिया ओलांडलं की परमुलूख. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं. म्हणजे आमचं क्वार्टर जागचं हललं नाही, तरी आम्ही दुसऱ्या राज्यात गेलो.

४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. शेकडो रशियन तज्ज्ञ, त्यांच्या बायका, मुलं टाउनशिपमध्ये राहत होती. बाजारातले भाजीवाले बटाट्याला 'कार्तोश्का' म्हणायला शिकले होते, आणि आम्ही मुलं तो शब्द घरी वापरून मार खायचो. आमच्या ओळीत एक तमिळ, एक बंगाली, दोन मल्याळी, एक पंजाबी आणि एक ओडिया कुटुंब होतं. कुणाच्याही अंगणात पिढीजात विहीर नव्हती, पाणी सगळ्यांना एकाच नळातून यायचं. शिवाशिवीची जुनी व्यवस्था कंपनीच्या क्वार्टरांत पुरती बसत नव्हती. ती गेली मात्र नव्हती. ती अंगणातून स्वयंपाकघरात सरकली आणि तिथे भांड्यांवर, डब्यांवर, चुलीवर जपली जाऊ लागली.

भाजण्याची कला आमच्याकडे होतीच. आजी रोडगे करायची. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, राख झटकायची, फोडून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. घरी काम करणाऱ्या बाई अंगाकर करायच्या, तांदळाच्या पिठाची जाड भाकरी पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यांवर. त्यांनी ती एकदा आजीला दिली. आजीनं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, "आपल्या पानग्यावानीच आहे," म्हणाली आणि खाल्ली नाही. नानकटाईही घरी व्हायची. सिगडीवर पातेलं, पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. जुनी पाकपुस्तकं 'खाली-वर विस्तव' म्हणतात तो हाच. ओव्हन नवा होता तो वस्तू म्हणून. त्यातलं काम आजीला ठाऊक होतं.

मग बिस्किटाचा एवढा धसका कशाचा होता? मराठी समाजात या पदार्थावर खटला चालला आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली नामवंत मंडळी जमली होती. बोलावणं धाडण्यात पुढाकार गोपाळराव जोशींचा, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांचा. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. पुढे हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापली गेली आणि गदारोळ उडाला. टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं त्याचा त्यांच्या घराला झालेला त्रास रमाबाईंच्या आठवणींत वाचायला मिळतो. आपण या प्रकरणाला 'चहाचं' म्हणतो, बिस्किट त्या नावातून गळून गेलं. मला वाटतं, चहापेक्षा ते जास्त अडचणीचं असावं. चहा म्हणजे पाणी, दूध, साखर, पाला. घरी सहज करता येतो. बिस्किट कुणी मळलं, कशानं मळलं, कुठल्या भट्टीत भाजलं, हे खाणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

पावाचंही तेच. गोव्यात पोर्तुगिजांनी आणलेला पाव माडी घालून फुगवत. म्हणजे पीठ, पाणी आणि मद्य, तेही ख्रिस्ती हातांनी. त्यातूनच बिस्किट 'शुद्ध' करून विकण्याचा धंदा निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' नावाचा कारखाना निघाला. काय विकलं जात होतं ते नावातच आहे. ज्याला कंपनीवरही भरवसा नव्हता त्यानं बिस्किट घरी करायचं. आज 'घरगुती बिस्किटं' म्हटलं की आपल्याला माया आठवते, आजीचे हात आठवतात. माझ्या आजीच्या हातांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण घरगुतीपणाची सुरुवात निदान आमच्यासारख्या घरांत मायेतून झाली नाही. ती बाहेरचे हात टाळण्यातून झाली. सुट्टीत डब्यात मैदा, तूप, साखर भरून बेकरीत रांग लावायची, पीठ आपण मळून न्यायचं, ट्रेमध्ये आपण थापायचं आणि भट्टीवाल्यानं फक्त भाजून द्यायचं, ही महाराष्ट्रभर चालणारी पद्धत आठवून पाहा. विस्तवाला विटाळ नाही, एवढीच सोय तिच्यात आहे.

१९६९ मध्ये आईनं ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन घेतला. झाकणाला काचेची टिकली, आतलं दिसावं म्हणून. पण दोन महिन्यांत ती तपकिरी झाली आणि काही दिसेना. तापमान दाखवणारा काटा नव्हता. आई आत चिमूटभर मैदा कागदावर ठेवायची आणि तो किती मिनिटांत बदामी होतो त्यावरून ओव्हन जोखायची. खाली वाळूचा थर घालायची, म्हणजे बुड जळत नाही. ही युक्ती आजीची. पुढे तिनं 'रुचिरा' घेतलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० मध्ये निघालं आणि त्यातली मापं वाटी-चमच्यांची होती, त्यामुळे तराजू नसलेल्या क्वार्टरात त्याचा आधार वाटायचा.

सीमा एकेक करून सरकली. आधी अंडं. ते घरात आलं ते 'बाळाच्या तब्येतीसाठी डॉक्टरांनी सांगितलं' म्हणून, आणि केकच्या वाटेनं राहून गेलं. त्याचं भांडं वेगळं, चमचा वेगळा. मग चीज. आणंदच्या दुधसंघाचं चीज गोल डब्यात यायचं आणि ते म्हशीच्या दुधाचं आहे याचं आजीला फार समाधान होतं. दुधाचं म्हणजे निर्धोक. आता मजा बघा. चीज करताना दूध विरजून चालत नाही, ते रेनेटनं गोठवावं लागतं, आणि रेनेट परंपरेनं काढलं जायचं ते वासराच्या पोटातून. आता भारतातलं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटवर होतं आणि पाकिटावर तसं छापलेलं असतं. पण जगभर शेकडो वर्षं जे चीज खाल्लं गेलं, त्याच्या मुळाशी वासरू होतं. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंड्यानं जेवढा गोंधळ घातला त्याच्या शतांशही चीजनं घातला नाही. उपासाला चालेल का, एवढाच प्रश्न निघाला.

चीजची बिस्किटं आईची हातखंडा झाली. लोणी थंड हवं, ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, तळव्याची ऊब लागू द्यायची नाही. चीज घातलं की लोणी कमी करायचं, कारण चीजमध्ये तूप असतंच. मीठ घालायचंच नाही. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की बिस्किट चिवट होतं. भिलाईच्या मे महिन्यात यातलं काहीही जमत नाही, म्हणून हा हिवाळ्याचा उद्योग.

आमच्या पलीकडच्या क्वार्टरात एक मल्याळी ख्रिस्ती नर्स राहायच्या. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. नर्सिंग शिकल्या होत्या कलकत्त्याला, आणि तिथल्या अँग्लो-इंडियन मैत्रिणींकडून त्यांनी नाताळचे बरेच पदार्थ उचलले होते. इंग्रजी जेवणात गोडानंतर चीजचं खारं काहीतरी तोंडात टाकायची रीत होती; चीज स्ट्रॉ, चीज बिस्किट ही त्या पंगतीची मंडळी. साहेब गेला, रीत रेल्वे कॉलन्यांत आणि हॉस्पिटलांच्या होस्टेलांत राहिली. (अमेरिकेत बिस्किट म्हणतात ते वेगळंच, मऊ, फुगलेलं, पावाच्या जवळचं. तिथे गेलेल्या आमच्या भाच्यानं न्याहारीला बिस्किट मागितलं आणि पुढे पाव आला, म्हणून दुकानदाराशी वाद घातला.)

त्या डिसेंबरात आंटींचे भाऊ कलकत्त्याहून हावडा-मुंबई मेलनं आले आणि न्यू मार्केटमधून बेकन घेऊन आले. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं मांस, मीठ आणि सोरा लावून मुरवलेलं, बहुतेकदा धुरी दिलेलं. मुरवणीमुळे ते टिकतं, थंडीत रात्रभराच्या प्रवासाला हरकत नाही. गोव्याचं चोरीस याच कुळातलं, तिथे मिठाबरोबर मिरची आणि व्हिनेगर असतं. आंटींकडे ओव्हन नव्हता. त्यांनी आईला विचारलं. हिंदीत, अगदी सरळ: "बेकन डालूँगी उसमें। चलेगा?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ओव्हन मागे ठेवते."

त्या दुपारी मागच्या व्हरांड्यात दोन बायका ज्या तऱ्हेनं काम करत होत्या ते मी पायरीवर बसून पाहत होते. बेकन आंटींनी त्यांच्या स्टोव्हवर आधीच तळून आणलं होतं. ते कच्चं घातलं तर पाणी सुटतं आणि बिस्किट नरम पडतं. सुटलेली चरबी वाटीत थिजवून आणली होती, थोडी लोण्याच्या जागी घालायला. परात त्यांची, लाटणं त्यांचं, ट्रेसुद्धा त्यांचा. आईनं पिठाला हात लावला नाही. तिनं ओव्हनची ड्यूटी केली. मैद्याची चिमूट बघून "आता" म्हणाली, बारा मिनिटांनी झाकण उचललं, कडा पाहिल्या, ट्रे अर्धा फिरवला. मधलं शेवटी होतं, कडा चीजमुळे आधी करपतात. आजीनं आतून विचारलं, "वास कायचा येऊन राहिला?" आई म्हणाली, "चीजचा."

ते खोटं नव्हतंच. आई बाराव्या मिनिटाला जे करत होती तेच ती पंचहौदच्या टेबलाशी बसली असती तरी केलं असतं, असं मला पुढे वाटत आलं. कप हातात धरायचा आणि प्यायचा नाही.

आता मैत्रिणीबद्दल. ती माझ्या वर्गात होती, घर दुसऱ्या सेक्टरात. तिचे वडील नागपूरच्या इंदोऱ्याचे, कारखान्यात खलाशी. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली होती. ती आमच्याकडे यायची, चीजची बिस्किटं खायची. मी तिच्याकडे जायची, दारात उभी राहून बोलायची आणि परत यायची. मला कुणी बजावलेलं नव्हतं. बजावायची गरज पडू नये, इतकं ते घरातल्या हवेत होतं.

आंटींनी आम्हाला बशीभर बिस्किटं दिली होती. ती व्हरांड्यातच खायची होती. मैत्रीण आली, तिनं एक तोंडात टाकलं, चावता चावता थांबली आणि चेहरा उजळला. "हे तं आमच्या घरी असते," ती म्हणाली. "डुकराचं हाये."

मी म्हणाले, "छे गं. बेकन आहे. डुक्कर नाही."

मी चौदा वर्षांची होते आणि मला खरंच तसं वाटत होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. आंटींनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मला एवढंच नको होतं की कलकत्त्याहून मेलनं आलेली, कागदात गुंडाळलेली, इंग्रजी नावाची वस्तू आणि तिच्या घरची वस्तू एक ठरावी. तिनं बशी माझ्याकडे सरकवली. दुसरं घेतलं नाही. यायची थांबली नाही, पण त्यानंतर आमच्याकडे तिनं काही खाल्लेलं मला आठवत नाही.

एका जनावराला दोन नावं द्यायची ही करामत माझी एकटीची नव्हती. सरकारनंही ती केली होती. पंचवार्षिक योजनांमध्ये वराहपालनाचा विकास म्हणून 'बेकन फॅक्टऱ्या' निघाल्या. अलीगढला एक, मुंबईत बोरिवलीला एक. विलायती जातीची डुकरं, थंड खोल्या, पांढरे कोट. ज्या वस्त्यांत पिढ्यान्पिढ्या डुक्कर पाळलं आणि खाल्लं जात होतं तिथलं ते घाण राहिलं. कारखान्यातून बाहेर आलेलं ते नाश्त्याचं झालं. त्या वस्त्यांच्या स्वयंपाकाला मराठी पुस्तकात जागा मिळायला फार वर्षं जावी लागली. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया'चा काळ १९१० चा. मराठवाड्यातल्या महार-मांगांचं जेवण सांगणारं शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं २०१५ मध्ये. शंभर वर्षांहून जास्त अंतर आहे. धुरंधरांच्या हजार पाकक्रियांचं मला कौतुक आहे, पण त्या हजारांत माझ्या मैत्रिणीचं घर येत नाही.

आई गेली, क्वार्टर सुटलं. ओव्हन मी आणला. तार दोनदा बदलली, टिकली अजून तपकिरी आहे. बेकन आता रायपूरला गोठवलेलं पाकिटात मिळतं. मी दर डिसेंबरात ही बिस्किटं करते, आता स्वयंपाकघरात. प्रमाण हवं असेल तर: दोन वाट्या मैदा, पाऊण वाटी थंड लोणी, एक वाटी किसलेलं चीज, तळून चुरलेलं बेकन पाव वाटी, मिरपूड, बेकिंग पावडर अर्धा चमचा. गोळा होण्यापुरतं गार पाणी. बोटाच्या पेराएवढं जाड लाटायचं, काट्यानं टोचायचं.

मैत्रीण नागपूरला असते. शिक्षिका होती, निवृत्त झाली. गेल्या डिसेंबरात ती भिलाईला नात्यातल्या लग्नाला आली तेव्हा मी डबा पुढे केला आणि त्या दुपारचं तिला आठवतं का, ते विचारलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"आठवते नं," ती म्हणाली. "घरी जाऊन सांगितलं मी बाबाले. लय हसले. म्हणे, मंग आपनबी इतके दिवस बेकनच खाऊन राहिलो."

मला हसता आलं नाही. तिनं एक बिस्किट उचललं, मोडलं, आतला भाग उजेडाकडे धरून पाहिला आणि खाल्लं.

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली. "चीजमधे असते, याच्यात असते. पिठात काहून घातलं मंग?"